दुबळं आम्ल आणि पोळ्याचे बैल

आमच्या शेजारच्या काकू माझ्या हातचा चहा घेत नसत. "दिवसभर अ‍ॅसिडात हात असतात गं तुझे," असं म्हणून कप हळूच बाजूला सरकवायच्या. याच काकू आमसुलाचं सार करायच्या, कैरीचं लोणचं घालायच्या आणि पितळेची भांडी चिंचेनं लख्ख घासायच्या. म्हणजे त्यांचे हात माझ्यापेक्षा जास्त वेळ आम्लात बुडलेले असत. मी एकदा तसं तोंडावर म्हटलं, तेव्हा त्यांनी माझ्याशी अबोला धरला. खरं बोलून शेजार राखता येत नाही, हा धडा मी नोकरीच्या सुरुवातीलाच शिकले.

नगरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षं गेली. माती, पाणी, खत, शिरका म्हणजे व्हिनेगर, जे कुणी बाटलीत नाहीतर पिशवीत भरून आणेल ते तपासायचं आणि निकाल लिहून द्यायचा. दारातून आत येणारा प्रत्येक माणूस आधी मला विचारायचा, "केमिस्ट साहेब कुठायत?" मी म्हणायचे, "बसा, बोलावते," आणि आतल्या दारानं एक फेरी मारून परत त्याच खुर्चीवर येऊन बसायचे. पुढेपुढे कंटाळा आला, मग नुसतंच "बसा" म्हणू लागले.

एकदा बाजारातला एक शिरकेवाला आला. त्याच्या शिरक्यात शिरका नव्हताच. पाण्यात सोनारांचं गंधकाचं तेजाब घालून त्यानं तो बनवला होता. मी तसं सांगितलं तर म्हणतो, "आंबट तर लागतंय ना, बाई?" म्हटलं, "जिभेला लागतं, पण पुढे आतड्यांनाही लागेल." तो हसला. त्याच्या लेखी आंबट म्हणजे आम्ल आणि आम्ल म्हणजे आंबट, विषय संपला. शिकलेल्या माणसांचंही बहुधा एवढंच ज्ञान असतं. फार तर 'भाजतं ते आम्ल' अशी त्यात भर.

बाहेरच्या माणसासाठी इथे थोडं सांगावंच लागेल. ज्याच्यापाशी सोडून देण्याजोगा हायड्रोजन असतो, ते आम्ल. हा हायड्रोजन जाताना आपला इलेक्ट्रॉन मागेच टाकून जातो, म्हणून मागे राहणाऱ्यावर भार पडतो. तो भार ज्याला पेलवतो ते जोरकस आम्ल. ज्याला पेलवत नाही ते गेलेल्याला पुन्हापुन्हा ओढून घेतं, ते दुबळं. लेक सासरी धाडल्यावर काही घरं चार दिवसांत सावरतात, काही घरं दर आठवड्याला तिला न्यायला गाडी पाठवतात, तसंच हे. शिरक्यातल्या आम्लात दोन ऑक्सिजन हा भार वाटून घेतात, म्हणून ते बऱ्यापैकी सावरतं. दवाखान्यात फरशी पुसायला वापरतात ते कार्बोलिक मात्र सावरत नाही. त्यात खायचा सोडा टाकला तर ते फसफसतसुद्धा नाही. पण त्याच कार्बोलिकला तीन नायट्रो गट जोडले, की भार वाटून घ्यायला तीन भाऊ मिळतात आणि जोरकस, पिवळंधमक पिक्रिक आम्ल तयार होतं. शिरक्यात असतो तो आम्लगट त्याच्यात नावालाही नसतो, तरी जोर केवढा!

आणि असंच आणखी एक दुबळं म्हणजे हायड्रोसायनिक. एक कार्बन, एक नायट्रोजन, एक हायड्रोजन, बस. सोडावॉटरच्या बाटलीतलं आम्ल त्याच्यापुढे पहिलवान ठरेल, इतकं ते दुबळं. पण ते पोटात गेलं की बैल उभ्याउभ्या कोसळतो. आम्लाचा जोर वेगळा आणि जीव घेण्याची ताकद वेगळी, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पटलं ते दुष्काळाच्या पहिल्या वर्षी, पारनेर तालुक्यातल्या एका वाडीवर. वाडीचं नाव सांगत नाही. तिथे अजून माणसं नांदतात.

तेव्हा पोळा नुकताच झाला होता. जनावरांचे सरकारी डॉक्टर, आम्ही त्यांना शेख डॉक्टर म्हणायचो, सकाळीच माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी एक बूच लावलेली बाटली समोर ठेवली. आत रक्त होतं.

"बाई, हे कधीचं असेल?"

मी बाटली उजेडात धरली. रक्त कुंकवासारखं लालभडक होतं. "आत्ताचं दिसतंय. गाडीत काढलंत का?"

"कालचं आहे. मेलेल्या बैलाचं."

मेलेल्या जनावराचं रक्त काळपट होतं, हे मला ठाऊक होतं. हे मात्र जिवंत असल्यासारखं दिसत होतं. मी बाटली खाली ठेवली आणि हात पदराला पुसले, हे मला अजून आठवतं. बाटली बाहेरून कोरडीच होती.

डॉक्टरांनी हकिगत सांगितली. पोळ्याच्या दिवशी भरदुपारी एका शेतकऱ्याची बैलजोडी गोठ्यात पडली. आधी एक थरथरला, खाली बसला, पाय झाडले आणि गेला. तो शांत होईतो दुसरा. अंगावर ना सूज ना जखम. साथ नसावी अशी त्यांना खात्री वाटत होती. पोटातला चाराही त्यांनी आदल्या दिवशीच आमच्याकडे पाठवला होता. आमच्या साहेबांनी त्याची आंबटाई मोजली, बैलाच्या पोटात असायची तेवढीच भरली. "यात अ‍ॅसिडचा काही प्रकार नाही," असं म्हणून त्यांनी प्रकरण मिटवलं होतं. आता दुबळ्या आम्लाला लिटमसच्या कागदात शोधणं म्हणजे मुक्याला हाका मारून शोधणं, पण साहेबांपुढे हे कोण बोलणार?

"मला किराळ वाटतंय," डॉक्टर म्हणाले.

ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांत हे विष तयार होतं, त्याला शेतकरी किराळ म्हणतात. पाण्यावाचून खुरटलेल्या ज्वारीला तर जास्तच. चघळला की पाल्यातून हायड्रोसायनिक सुटतं. मग श्वासातली हवा रक्तात येते, पण शरीराला ती घेताच येत नाही. म्हणून रक्त तसंच लाल राहतं. चारा उन्हात चांगला वाळवला की विष बरंचसं उडून जातं, म्हणून हे तपासायचं तर जागेवर जाऊनच तपासायला हवं.

"एवढी घाई कशाला?" मी विचारलं.

"त्या घरात नवी सून आली आहे. बैल पडायच्या आधी ती म्हणाली, बैलाच्या तोंडाला कसलासा वास येतोय. दुसऱ्या कुणालाच आला नाही. आता सगळे म्हणतात की मरण हिला आधी कळतं, कारण ते हिच्याबरोबरच आलंय. आज तिचा भाऊ तिला घेऊन जायला येणार आहे. एकदा असं गाठोडं घेऊन माहेरी गेली, की जन्मभर टाकलेली."

कसला वास, हे मला विचारावं लागलं नाही. कॉलेजात आमच्या सरांनी एकदा या विषाचं अगदी विरळ द्रावण खिडकीशी लांब ठेवून वर्गाला वास घ्यायला लावला होता. काहींना कडू बदामाचा वास आला, काहींना काहीच नाही. काही नाकांना तो वास जन्मतःच कळत नाही, असं सर म्हणाले. मी त्या न कळणाऱ्यांतली. ज्या विषाच्या मागे मी त्या दिवशी निघाले होते, ते माझ्या नाकापुरतं जगात नव्हतंच.

या विषाची वाफ ओळखणारे, पिक्रिक आम्लात बुडवून मग धुण्याच्या सोड्यात भिजवलेले कागद मी वाळवून ठेवले होते. ते, काचेच्या नळ्या आणि खल पिशवीत घालून जीपमध्ये बसले. सुप्याच्या पुढे आम्ही डांबरी रस्ता सोडला. रस्त्याला माणसं नव्हती, सगळी दुष्काळी कामावर खडी फोडत होती. वाडीत शिरलो तेव्हा ऊन टळटळीत होतं आणि कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. घरांच्या दारांवर पोळ्याची तोरणं होती, पण गोठ्यांची दारं ओढून घेतलेली. आपापलं जनावर त्या सुनेच्या नजरेला पडू नये म्हणून!

ती अंगणाच्या कडेला, घराच्या भिंतीला टेकून बसली होती. शेजारी गाठोडं. पदर तोंडावर ओढलेला, पायांतली लग्नाची जोडवी अजून नवी दिसत होती. नाव हौसा. पाटपाण्याच्या मुलखातली, कोपरगावाकडची. नवरा लष्करात, लग्नाची रजा संपवून परत गेलेला. घरात सासू आणि सासरे, त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्या उंच, वाळलेले, हातात रिकामी वेसण घेऊन बसलेले.

मी तिच्यापाशी जाऊन बसले, तशी सासू ओरडली, "अवो बाई, सावली नका पडू देऊ तिची अंगावर."

"माझ्यावर कसल्याकसल्या सावल्या पडतात मावशी, मला सवय आहे," मी म्हणाले आणि हौसाला विचारलं, "कसला वास आला गं?"

ती पदराआडून पुटपुटली, "गोडूस हुता. पर नरड्यात कडू उतरत हुता. बैल खात हुतं तवा त्येच्या तोंडाला आला. म्या म्हनलं आत्याबाई, ह्यो कसला वास? त्या म्हनल्या, कसला बी न्हाई. मंग त्यो पडलाच."

पुस्तकातलं वर्णन ती पोर न वाचता सांगत होती.

एवढ्यात देवऋषी आला. कपाळभर भंडारा, आवाज मऊ. मला म्हणाला, "बाई, तुमची तपासनी करा, आमची झाली हाय. काल हिचं हात हळदीच्या पान्यात बुडवलं. पानी लाल झालं. रगताचा रंग. आता आनखी काय पायजे?"

मला हसू आलं आणि ते मी आवरलं नाही, हे चुकलंच. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. हौसा राखेनं भांडी घासत होती आणि राख म्हणजे क्षार. घरोघरच्या सुनांचे हात बुडवले असते तर गावभर लाली पसरली असती. पण ते नंतर बघू म्हटलं आणि कामाला लागले.

दोन ठिकाणचा चारा घेतला. एक घरामागे रचलेला, वाळलेला. दुसरा विहिरीच्या कडेचा. विहिरीशी खुरटलेल्या ज्वारीच्या बुडख्यांतून हिरवेगार पोंगे फुटले होते. अख्ख्या शिवारात तेवढीच काय ती हिरवळ. त्यातले कितीतरी विळ्यानं कापून नेलेले दिसत होते. मी उरलेल्यांतले थोडे घेतले.

अंगणात कडुनिंबाखाली मांडामांड केली. गाव गोळा झालं, पण लांब लांब उभं राहिलं. वाळला चारा खलात कुटून एका नळीत घातला, वर डॉक्टरांच्या क्लोरोफॉर्मचे दोन थेंब, बुचाला अडकवून पिवळा कागद आत लोंबता सोडला. चाऱ्याला तो लागत नाही, नुसता वरच टांगलेला असतो. मग पोंगे कुटायला घेतले.

दोन-तीन घाव घातले असतील, तोच भिंतीशी बसलेल्या हौसानं मान वर केली. तोंडावरचा पदर सरकला. तिची नजर कुठेच नव्हती.

"आला," ती म्हणाली. "त्योच वास."

गर्दी एका अंगानं मागे सरली. एका बाईनं कडेवरचं पोर पदराखाली घेतलं. मी नाक खलापाशी नेलं. मला ओल्या गवताचा वास आला, बाकी काही नाही. शेख डॉक्टरांनी मान हलवली, त्यांनाही काही येत नव्हतं. एवढ्या माणसांत ते विष फक्त त्या पोरीला दिसत होतं म्हणा ना.

दुसरी नळी बंद केली आणि दोन्ही उन्हात उभ्या केल्या. पहिल्या नळीतला कागद पिवळाच राहिला. दुसरीतला आधी नारिंगी झाला, मग खालच्या टोकापासून विटकरी होत होत लालबुंद झाला. त्याला कुणी हात लावला नव्हता, काही शिंपडलं नव्हतं. हवेतून काहीतरी येऊन त्याला रंगवून गेलं होतं. प्रयोगशाळेत मी हे पुष्कळदा पाहिलं होतं. त्या अंगणात पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली.

"बघा," मी मोठ्यानं म्हणाले, "लाल झाला!"

"लाल झाला!" गर्दीतून घोष उठला. "बाईच्या कागदानं बी साक्ष दिली! हिचंच हाय!"

काय झालं ते मला आधी कळेच ना. आदल्या दिवशी त्यांनी लाल रंग पाहिला होता आणि त्याचा अर्थ त्यांना सांगितला गेला होता. मी तोच रंग पुन्हा दाखवला होता, तोही सरकारी जीपमधून येऊन. देवऋषी माझ्याकडे पाहून कौतुकानं मान डोलवत होता, जणू मी त्याचीच गुरुबहीण.

मी चिडले. चिडले की मला सुचतं, पण बरं सुचतंच असं नाही. ताटात हळदीचं पाणी करायला लावलं आणि सासूला म्हटलं, "मावशी, तुम्ही बुडवा हात." त्या भांड्यांवरूनच उठून आल्या होत्या. त्यांनी हात बुडवले आणि पाणी लाल झालं. मला वाटलं जिंकले. आता सांगते राखेचं, सांगते क्षाराचं. पण मी बोलायच्या आत त्या बाईनं आपल्या हातांकडे पाहिलं. ती ते पदराला खसाखसा पुसू लागली.

"सासूला बी लागलं," कुणीतरी हलकेच म्हणालं. आणि लोक तिच्यापासूनही दूर झाले.

शास्त्र शिकून मी एकीच्या जागी दोन चेटकिणी करून ठेवल्या होत्या. शेख डॉक्टर पुढे आले आणि शांतपणे समजावू लागले. विष पोंग्यात आहे, पोरीत नाही. वाळला चारा बघा, कागद पिवळाच आहे. चारा वाळवल्याशिवाय घालू नका. माणसं ऐकत होती, पण ऐकलेलं आत जात नव्हतं. वाडीच्या रस्त्याला एक टोपीवाला येताना दिसला. हौसाचा भाऊ. ती गाठोडं घेऊन उठून उभी राहिली.

देवऋषी हुशार माणूस. त्यानं ओळखलं, डॉक्टरांचं म्हणणं हळूहळू पटत जाणार. तो म्हणाला, "बरं. इख पोंग्यात हाय, मान्य. पर इहिरीवरलं पोंगं कापून बैलाफुडं टाकलं कोनी? ज्यानं टाकलं त्याला हत्या लागली का न्हाई? बोला."

सगळ्यांची तोंडं हौसाकडे वळली. पायगुणातून ती सुटत होती आणि हत्येत अडकत होती. ती उभी होती तिथेच दगड झाली.

तात्या इतका वेळ त्या लाल कागदाकडे टक लावून पाहत होते. त्या अख्ख्या गावात माझ्या कागदावर विश्वास ठेवणारा तो एकच माणूस होता, हे मला फार नंतर कळलं. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं. मग हातातली वेसण खाली ठेवली.

"म्या टाकलं," ते म्हणाले. "सणाचा दिस. वाळकं काय घालायचं लक्ष्मीला? म्हनून इहिरीवरनं हिरवं आनलं. माज्याच हातानं चारलं."

सासूनं तोंड उघडलं. तात्यांनी नुसता हात वर केला, तसं मिटलं.

"पोरीला उगा बोल लावला," तात्या म्हणाले. "तिचा काय बी दोस न्हाई. घरात घ्या तिला."

सासूनं स्वतः गाठोडं उचलून आत नेलं. भाऊ आला, पाणी प्यायला, बहिणीला बघून तसाच परत गेला. हौसा उंबऱ्याच्या आत गेली आणि तिथूनच सासऱ्यांकडे बघत राहिली. मी त्याला कृतज्ञता समजले.

परतताना मी जीपमध्ये फार खूश होते. "बघा डॉक्टर, एका कागदाच्या पट्टीनं पोरीचा संसार वाचवला." डॉक्टर बाहेरच्या माळाकडे बघत होते. मग म्हणाले, "बाई, हत्या लागली म्हणजे काय, ठाऊक आहे तुम्हाला?" मला ठाऊक नव्हतं. त्यांनीही पुढे सांगितलं नाही. मी नगरला आले, साहेबांना निकाल दिला आणि चार ठिकाणी ही गोष्ट रंगवून सांगितली. शेजारच्या काकूंनासुद्धा सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हणजे विषातही हात घालतेस की!"

थंडी पडायला लागली होती. एका दुपारी आम्ही डबे उघडून बसलो होतो, तेव्हा व्हरांड्यात जनावर हंबरलं. जवळच्या चारा-छावणीतलं एखादं चुकून आत शिरलं असेल म्हणून मी हाकलायला उठले. पुन्हा हंबरलं आणि मी दारातच थबकले. तो आवाज जनावराचा होता, पण जनावराच्या गळ्यातला नव्हता.

पायरीशी तात्या उभे होते. गळ्यात बैलाचं दावं, त्याचं टोक खाली लोळत होतं. हातात मातीचं परळ, पाय अनवाणी, दाढी वाढलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, परळ पुढे केलं आणि हंबरले. माझ्या मागे कुणीतरी खिदळलं आणि लगेच गप्प झालं.

चार पावलं मागे हौसा उभी होती.

"काय हे?" मी तिला विचारलं.

"हत्या फेडायलेत," ती म्हणाली. "मानसासारकं बोलायचं न्हाई. छपराखाली निजायचं न्हाई. दारोदार हंबरून मागायचं. शिमग्यापतूर."

"आणि तू?"

"एकटं कसं सोडू? थंडीचं पडलं-झडलं तर? आत्याबाई बी जा म्हनल्या."

मी आत जाऊन माझा सगळा डबा आणला आणि परळात ओतला. मला तात्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि पडलेही, साहेबांच्या देखत. म्हटलं, "तात्या, चुकून झालं ते. बैलांना काय तुम्ही मारायला चारलं होतं? एवढी शिक्षा कशाला?"

त्यांनी नुसती मान हलवली. हौसाला घरात कसं वागवतात, ते मी विचारलं. "लई चांगलं," ती म्हणाली. "लेकीवानी. आत्याबाई पयला घास मला देत्यात." आणि असं म्हणता म्हणता तिचा चेहरा एकदम मोडला. ती माझ्या जवळ आली, माझं मनगट घट्ट धरलं.

"बाई, तुमाला म्हनून सांगते. मला न्हाई ऱ्हावत आता. आमच्याकडं पाटावरची हिरवी ज्वारी कवाबी घालत्यात, काय बी हुत न्हाई. मला काय ठावं हिकडलं? तात्या त्या सकाळी देवळात हुतं. इहिरीवर इळा घेऊन म्याच—"

तात्या हंबरले. असे हंबरले की वळचणीची कबुतरं फडफडत उडाली आणि आतली माणसं खुर्च्यांवरून उठली. गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या, डोळे तिच्यावर रोखलेले. ती थांबली. पुन्हा ओठ हलवले तशी ते पुन्हा हंबरले, आधीपेक्षा मोठ्यानं, श्वास संपेपर्यंत. माणसाची भाषा त्यांना बंद होती. जी होती तिच्यात ते तिला गप्प करत होते.

हौसानं माझं मनगट सोडलं. तोंड पुसलं, पदर डोक्यावर नीट घेतला. मग खाली वाकून त्यांच्या गळ्यातल्या दाव्याचं लोळणारं टोक तिनं उचललं आणि पुढे होऊन त्यांना फाटकाबाहेर घेऊन गेली.